विमानाच्या दिव्यात शोध आहे की नुसती सोय? ‘हे कोणालाही सुचलं असतं’ या आक्षेपाची तपासणी

मागच्या पावसाळ्यात फर्मागुडीहून अभियांत्रिकीचा एक विद्यार्थी फोंड्याला माझ्याकडे आला. वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक दिवा पिशवीतून काढून त्यानं टेबलावर ठेवला. विमानाच्या पंखाच्या टोकाला बसेल असा, तळहाताएवढा. मागे ॲल्युमिनियमची पाती, पुढे पारदर्शक झाकण. पोराचा चेहरा उतरला होता. ज्यांना त्यानं हा दिवा आधी दाखवला, त्यांनी तो हातात उलटसुलट केला आणि एका वाक्यात निकाल दिला : “यात काय एवढं? हे कोणीही केलं असतं.”

पेटंटच्या कामात हे वाक्य मी सारखं ऐकतो, आणि दर वेळी मला वाईट वाटतं. प्रश्न चुकीचा नसतो. पेटंट कायदाही हाच प्रश्न विचारतो. पण उत्तर असं पटकन, वस्तू हातात घेऊन देता येत नाही. ‘कोणीही’ म्हणजे नेमकं कोण? ‘केलं असतं’ म्हणजे कोणत्या तारखेला? आणि त्यानं ते का केलं असतं? या तिन्हींची उत्तरं कागदावर आल्याशिवाय शोध सहज सुचणारा होता की नव्हता, हे कोणालाच सांगता येत नाही. मलाही नाही आणि पेटंट कार्यालयातल्या परीक्षकालाही नाही. ही तपासणी पायरी-पायरीनं कशी करायची ते इथं सांगतो. उदाहरणं विमानाच्या दिव्यांची घेतो, कारण हा विषय छोटा वाटला तरी त्यात कायद्याचे जवळजवळ सगळे कंगोरे सापडतात.

आधी कायद्याचं वाक्य नीट वाचा

आपला पेटंट कायदा १९७० चा. त्यातलं कलम २(१)(जेए) ‘इन्व्हेंटिव्ह स्टेप’ची व्याख्या देतं. आज वापरात आहे ते शब्दांकन २००५ च्या दुरुस्तीनंतरचं. मराठीत सांगायचं तर शोधात असं काहीतरी हवं, जे आधीच्या ज्ञानाच्या तुलनेत तांत्रिकदृष्ट्या पुढचं आहे, किंवा ज्याला आर्थिक महत्त्व आहे, किंवा दोन्ही. आणि त्यामुळं तो शोध त्या क्षेत्रातल्या जाणकाराला सहज सुचणारा राहत नाही.

नवखे लोक ‘आर्थिक महत्त्व’ या शब्दांवर खूश होतात. दिवा शंभर ग्रॅमनं हलका झाला, इंधन वाचलं, झालं काम! तसं नाही. वाक्याचा शेवटचा भाग दोन्हीकडं लागू आहे. वजन वाचलं, पण ते कसं वाचवायचं हे जाणकाराला आपसूक कळलं असतं, तर पेटंट नाही.

नावीन्य आणि ही कसोटी यांची गल्लतही फार होते. नावीन्य बघताना तुमचा अख्खा शोध एकाच जुन्या कागदात, म्हणजे आधी प्रसिद्ध झालेल्या एखाद्या पेटंटात किंवा लेखात सापडतो का, एवढंच बघायचं असतं. इथं दोन-तीन कागद एकत्र ठेवण्याची परवानगी आहे, पण ते एकत्र ठेवायला कारण लागतं. सगळी मेख या कारणात आहे.

आपल्याकडं या विषयाचा पाया घातला तो सर्वोच्च न्यायालयाच्या १९७८ च्या बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्थान मेटल इंडस्ट्रीज या निकालानं. प्रकरण होतं मिर्झापूरच्या भांड्यांचं : लेथवर भांडं फिरवताना ते घट्ट कसं धरायचं, याच्या युक्तीचं. न्यायालयानं ते पेटंट टिकू दिलं नाही. ओळखीचे भाग ओळखीच्या पद्धतीनं शेजारी मांडणं किंवा कारखान्यातला रोजचा कारागीर करतो तेवढी सुधारणा करणं म्हणजे शोध नव्हे, असं त्यात स्पष्ट आहे. वेर्णा औद्योगिक वसाहतीत लेथवर काम करणाऱ्या कोणालाही हा निकाल वाचून दाखवा, पहिल्या फटक्यात समजेल.

दुसरा निकाल २०१५ चा, दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाचा, रोश विरुद्ध सिप्ला. प्रकरण औषधाचं, पण त्यातल्या पाच पायऱ्या दिव्यालाही तशाच लागू होतात. आधी जाणकार कोण ते ठरवा. मग शोधाचा गाभा काढा. त्या तारखेला जाणकाराला सर्वसाधारणपणे काय माहीत होतं ते मांडा. जुनं आणि नवं यांतला फरक शोधा. शेवटी तो फरक त्याला सहज सुचला असता का ते ठरवा, आणि हे सगळं नंतर आलेलं शहाणपण बाजूला ठेवून करा.

दिवा बाजूला ठेवा, क्लेम हातात घ्या

पेटंट दिव्याला मिळत नाही, क्लेमला मिळतं. म्हणजे अर्जाच्या शेवटी ‘आमचा हक्क एवढ्यावर’ म्हणून जी क्रमांकित वाक्यं असतात त्यांना. म्हणून पहिलं काम म्हणजे क्लेम क्रमांक १ घेऊन त्याचे तुकडे पाडणं.

त्या विद्यार्थ्यानं मनात धरलेला क्लेम आम्ही एका ताव कागदावर असा उतरवला : विमानाच्या बाहेरच्या अंगाला बसवायचा दिवा, त्यात एलईडी, एलईडीच्या मागे उष्णता घेणारा धातूचा तुकडा, पुढे पारदर्शक झाकण, धातूच्या तुकड्याकडून झाकणाच्या कडेपर्यंत उष्णता नेणारं कडं, आणि थंडीत ते कडं टेकवणारी, गरमीत सोडवणारी द्विधातूची पट्टी (दोन धातू जोडून केलेली, तापली की वाकणारी). सहा तुकडे, सहा ओळी. प्रत्येक ओळीपुढं मोकळी जागा. पुढचं सगळं काम त्या मोकळ्या जागेत होतं.

हे सगळं कशासाठी, तेही तिथंच लिहा. जुन्या तंतूच्या दिव्यात विजेचा मोठा भाग उष्णतेच्या रूपानं प्रकाशाबरोबरच पुढं फेकला जायचा आणि झाकण आपोआप गरम राहायचं. एलईडीची उष्णता पुढं जात नाही, चिपच्या पाठीमागं साठते. वीज कमी लागते, आयुष्य वाढतं, पण झाकण थंड पडतं. वर आकाशात त्यावर बर्फ धरलं की दिवा झाकला जातो. गोव्यात आपल्याला बर्फ फक्त मासळीच्या खोक्यात दिसतं, पण दाबोळीहून किंवा मोप्याहून उडालेलं विमान थोड्याच वेळात शून्याखालच्या हवेत असतं. आणि परत इथं एप्रिलच्या दुपारी उन्हात उभं असतं, तेव्हा त्याच प्लॅस्टिकच्या झाकणाला आणखी उष्णता नको असते. पोरानं दोन्ही टोकं धरली होती.

तारीख

कसोटीची तारीख म्हणजे तुमची प्राधान्य तारीख. साधारणपणे पहिला अर्ज दाखल झाला तो दिवस. त्या दिवसानंतर जगात जे प्रसिद्ध झालं ते डोळ्यांआड करायचं. बोलायला सोपं, करायला फार अवघड.

तारखेनं केवढा फरक पडतो ते बघायचं असेल तर विमानाच्या आत, चालण्याच्या वाटेवर लावलेल्या उजळत्या पट्ट्यांची गोष्ट बघा. २ जून १९८३ रोजी एअर कॅनडाचं एक डीसी-९ विमान आतून पेटल्यामुळं सिनसिनाटीला तातडीनं उतरवावं लागलं. ४६ जणांपैकी २३ जण दगावले. धूर वरून खाली भरत येतो, त्यामुळं छताचे दिवे आणि दारावरच्या पाट्या सगळ्यात आधी दिसेनाशा होतात. त्यानंतर अमेरिकेनं १९८४ मध्ये नियम केला : वाटेच्या जमिनीपासून ४ फुटांच्या वरचा सगळा उजेड धुरात बुडाला, तरी प्रवाशाला बाहेरची वाट सापडली पाहिजे. त्यातून जमिनीलगतचे छोटे विजेचे दिवे आले. पुढं अंधारात आपोआप उजळणाऱ्या, वीज न लागणाऱ्या पट्ट्या आल्या.

आता या उजळणाऱ्या पट्टीवर कोणी पेटंट मागितलं असतं तर? अर्ज १९८५ चा असेल, तर जाणकाराच्या हातात मुख्यतः झिंक सल्फाइड होतं. त्याची चमक लवकर मंदावते, लांबच्या रात्रीच्या उड्डाणाला ती पुरणार नाही, म्हणून त्यानं ती वाट सोडूनच दिली असती. १९९० च्या दशकात स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेटवर आधारलेले पदार्थ आले. ते कितीतरी जास्त वेळ चमकतात. अर्ज त्यानंतरचा असेल, तर जिन्यांवर आणि जहाजांवर वापरता येणारी चांगली पट्टी विमानाच्या वाटेत लावणं हे जाणकारानं केलंच असतं, असं म्हणायला जोर येतो. पट्टी तीच, विमान तेच. फक्त तारीख बदलली आणि उत्तर फिरलं.

म्हणून कागदाच्या डोक्यावर तारीख मोठ्या अक्षरांत लिहा.

हा ‘कोणीही’ कोण?

तो तुमच्या-आमच्यासारखा वाटेनं जाणारा माणूस नाही. नोबेल मिळवणारा शास्त्रज्ञही नाही. कायद्यातला जाणकार म्हणजे त्या कामात मुरलेला, सगळे उपलब्ध कागद वाचलेला, पण स्वतःची कल्पनाशक्ती न लावणारा माणूस. आपल्या उदाहरणात तो विमानाचे दिवे तयार करणाऱ्या गटातला विद्युत अभियंता असेल, आणि गरज पडली तर उष्णतेचं गणित करणारा यांत्रिक अभियंता त्याच्या शेजारी बसलेला असेल. एका माणसाऐवजी छोटा चमू धरायला हरकत नसते.

त्याला काय काय ठाऊक असतं, हे तपशिलात लिहून काढा. इथं कंजूषपणा करू नका. डाव्या पंखाला लाल, उजव्याला हिरवा, शेपटीला पांढरा, हे तर झालंच. लाल आणि हिरव्या दिव्यांचा उजेड प्रत्येकी ११० अंशांत आणि शेपटीचा १४० अंशांत दिसला पाहिजे, हे त्याला पाठ असतं. टक्कर टाळण्यासाठीचे लुकलुकणारे दिवे मिनिटाला ४० ते १०० वेळा चमकले पाहिजेत, हेही. कंपनं, दमट हवा, मिठाचा फवारा, उंचीवरचा कमी दाब यांच्या चाचण्या डीओ-१६० या मानकानुसार होतात, आणि दिव्याचा प्रत्येक बदल त्या चाचण्यांतून न्यावा लागतो, हे त्यानं अनुभवलेलं असतं. एलईडीची चिप जास्त तापली की उजेड आणि आयुष्य दोन्ही घटतं, हे तर रोजचंच.

यातलं ज्याला काहीच ठाऊक नाही अशा माणसाला जाणकार ठरवलंत, तर प्रत्येक गोष्ट शोध वाटेल. उलट ज्याला सगळंच सुचतं अशा माणसाला ठरवलंत, तर कशालाच पेटंट मिळणार नाही. परीक्षकाशी मतभेद होतो तो बहुतेक वेळा इथंच, आणि अर्जदारांच्या लक्षात तो फार उशिरा येतो.

बोगमाळोला नौदलाचं विमान संग्रहालय आहे. नवशिक्यांनी एकदा तिथं जावं आणि जुन्या विमानांना सावकाश फेरी मारावी. त्या काळच्या दिव्यांत बल्ब पांढरा असे आणि रंग काचेचा. आज एलईडीची चिपच लाल किंवा हिरवा उजेड देते. हा एक बदल मनात बसला की उष्णता, काच, रंग, वजन हे सगळे प्रश्न कसे एकमेकांत गुंतलेले आहेत ते कळतं. जाणकाराच्या जागी स्वतःला बसवायला अशी फेरी पुस्तकापेक्षा जास्त कामी येते.

जुने कागद कुठं शोधायचे

भारतीय अर्जांसाठी पेटंट कार्यालयाची इनपास ही शोधप्रणाली आहे. जगभरच्या कागदांसाठी युरोपियन पेटंट कार्यालयाची एस्पेसनेट, जागतिक बौद्धिक संपदा संघटनेची पेटंटस्कोप आणि गूगल पेटंट्स आहेत. सगळ्या फुकट.

फक्त शब्द टाकून शोधू नका. एकच दिवा कोणी ‘लॅम्प’ म्हणतो, कोणी ‘ल्युमिनेअर’, कोणी ‘लाइट युनिट’. वर्गीकरणाच्या क्रमांकानं शोधा. विमानावरच्या दिव्यांच्या आणि सिग्नलच्या मांडणीला बी६४डी ४७/०२ आणि त्याच्या पुढचे गट. दिव्यातली उष्णता काढण्याच्या युक्त्यांना एफ२१व्ही २९. वाहनांच्या दिव्यांचं झाकण गरम ठेवण्याला एफ२१एस ४५/६०. तिसऱ्या गटात त्या विद्यार्थ्यानं डोकावलंच नव्हतं. त्याचं सगळं लक्ष विमानांवर.

इथं नेहमीचा प्रश्न येतो : विमानाचा अभियंता मोटारीच्या किंवा बोटीच्या दिव्यांचे कागद कशाला बघेल? बघेल, जर अडचण तीच असेल आणि अडचणीचं कारणही तेच असेल. मालीमच्या जेटीवर संध्याकाळी उभे राहा. परतणाऱ्या ट्रॉलरच्या डाव्या अंगाला लाल, उजव्या अंगाला हिरवा, मागे पांढरा दिवा दिसेल. जहाजांच्या आंतरराष्ट्रीय नियमांत बाजूचे दिवे ११२.५ अंशांचे आणि मागचा १३५ अंशांचा. विमानांत ११०, ११० आणि १४०. विमानांनी ही पद्धत समुद्रावरूनच घेतली. तेव्हा ‘बोटीच्या दिव्यातली कोन साधणारी भिंगाची रचना विमानात आणली’ एवढाच दावा असेल, तर मला तो फार नाजूक वाटतो. बोटीच्या दिव्यातला गंज टाळणारा लेप घेतला, तरी तेच. पण बोटीच्या दिव्याला पंखाच्या पातळ टोकात मावण्याची आणि काही मिनिटांत तीस-चाळीस अंशांनी तापमान घसरण्याची अडचण नसते. त्या अडचणीवरच्या उत्तरासाठी जाणकार मालीमला येणार नाही.

खरी लढाई : ‘करू शकला असता’ की ‘केलं असतं’

युरोपियन पेटंट कार्यालयाची एक सवय मला फार आवडते. ते विचारतात : जाणकार हे करू शकला असता का, एवढं पुरेसं नाही, त्यानं ते केलं असतं का? पट्टी बाजारात होती, कडं बनवता येत होतं, म्हणून जोडणी करणं शक्य होतं. शक्य तर बरंच काही असतं. कुठल्या कागदानं, कुठल्या अडचणीनं त्याचा हात तिकडं नेला असता, ते दाखवावं लागतं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं २००७ मध्ये केएसआर विरुद्ध टेलिफ्लेक्समध्ये ही अट थोडी सैल केली. कारण कागदावर शब्दशः लिहिलेलंच हवं असं नाही, जाणकाराची साधी व्यवहारबुद्धीही चालते, असं ते म्हणालं. पण कारण द्यावंच लागतं, हे तिथंही कायम आहे.

आता विद्यार्थ्याच्या दिव्यावर हे लावून बघू. समजायला सोपं जावं म्हणून दोन जुने कागद मी कल्पनेनं घेतो. ‘क’ कागदात पंखाचा एलईडी दिवा, मागे पात्यांचा धातू. पुढे झाकण आहे, पण ते गरम ठेवण्याबद्दल काही नाही. ‘ख’ कागदात मोटारीचा एलईडी दिवा, झाकणावर बर्फ साचतं म्हणून मागची उष्णता धातूच्या पट्ट्यांनी पुढं नेलेली.

पहिल्या चार ओळी ‘क’मध्ये सापडतात. पाचवी ओळ, उष्णता पुढं नेणारं कडं, ‘ख’मध्ये. दोन्हीकडं एलईडी, दोन्हीकडं थंड पडणारं झाकण, कारणही एकच. विमानाचा जाणकार ‘ख’ वाचून म्हणेल, “मला हवं होतं ते हेच.” म्हणजे क्लेम पाचव्या ओळीवर थांबला असता, तर मी त्याला अर्ज करू नकोस म्हणून सांगितलं असतं. तेवढ्यापुरतं ‘कोणीही केलं असतं’ हे खरंच होतं.

सहावी ओळ उरते. द्विधातूची पट्टी जुनीच. इस्त्रीच्या थर्मोस्टॅटमध्ये ती असते. पण घटक जुना आहे एवढ्यानं निकाल लागत नाही. ‘ख’ पुन्हा वाचा, आणि या वेळी एक-एक परिच्छेद. समजा त्यात कुठंतरी लिहिलंय : ‘उन्हाळ्यात झाकण जास्त तापू नये म्हणून उष्णतेची वाट तोडता आली पाहिजे.’ मग तोडायचं कसं एवढाच प्रश्न राहतो, आणि द्विधातूची पट्टी हे त्याचं शाळेतलं उत्तर आहे. क्लेम पडला. उलट समजा ‘ख’ म्हणतो : ‘उष्णतेची जोडणी कायम घट्ट ठेवावी, कारण ती सैल झाली तर चिप तापते.’ मग जाणकार मुद्दाम सैल होणारी जोडणी करायला धजणार नाही. जुना कागदच त्याला त्या वाटेवरून मागं खेचतो. अशा वेळी सहावी ओळ जीव धरते.

एका परिच्छेदावर सगळं फिरतं. म्हणून सारांश वाचून मत बनवणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. परीक्षकानं दाखवलेला प्रत्येक कागद पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचा, आकृत्यांखालच्या मजकुरासकट.

आमच्या बाबतीत आणखी एक गोष्ट निघाली, ती विद्यार्थ्यानं सहज बोलताना सांगितली. पट्टीला वीज लागत नव्हती. त्यामुळं त्याचा दिवा जुन्या दोन तारांच्या बैठकीत तसाच बसत होता, तापमान मोजणारी तिसरी तार नको. मी म्हटलं, “अरे, हे तू क्लेममध्ये का नाही घातलंस?” तो म्हणाला, “सर, ते तर साधं आहे.” साधेपणा म्हणजे सहज सुचणं नव्हे. २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं एव्हरी डेनिसन प्रकरणात हे ठसवून सांगितलं आहे : जुना कागद बरीच वर्षं सगळ्यांसमोर होता आणि तरीही तो छोटा बदल कोणी केला नाही, तर ती मधली वर्षंही शोधाच्या बाजूनं बोलतात.

कधी कधी अडचण ओळखणं हाच शोध

रात्री दिसण्याचे चष्मे घालून उडणाऱ्या वैमानिकांची गोष्ट घ्या; आयएनएस हंसा या नौदलाच्या हवाई तळाच्या शेजारी राहणाऱ्या गोव्याला ती परकी नाही. हे चष्मे अवरक्त (इन्फ्रारेड) आणि त्याच्या जवळच्या प्रकाशावर चालतात. जुने तंतूचे दिवे अवरक्त भरपूर फेकायचे. एलईडी नेमक्या अरुंद पट्ट्यातच प्रकाश देते. परिणाम असा की, उंच मनोऱ्यावरचा जो लाल एलईडी दिवा उघड्या डोळ्यांना लख्ख दिसतो, तो चष्म्यातून दिसेलच असं नाही. अमेरिकेच्या एफएए या हवाई वाहतूक नियामक संस्थेनं २००९ मध्ये याबद्दल वैमानिकांना सावध केलं.

त्यानंतर ‘लाल एलईडीशेजारी एक अवरक्त एलईडी लावा’ हे कोणीही सांगेल. पण धोका कोणाच्या लक्षातच आला नव्हता तेव्हा ज्यानं तो हेरला, त्याच्याबद्दल असं म्हणता येत नाही. उत्तर सोपं असलं तरी प्रश्न दिसायला हवा. तुमच्या शोधात असं काही असेल, तर अर्जात ती अडचण कशी उमगली हे मोजमापांसकट लिहा. नंतर आठवून सांगितलेलं फारसं मोजलं जात नाही.

नुसती मोळी नको

वाचण्याचा दिवा, बोलावण्याचं बटण आणि मोबाइल चार्ज करायची जागा एकाच फळीत बसवली, हा शोध का? कलम ३(एफ) म्हणतं, ओळखीची साधनं आपापलं काम वेगवेगळं करत शेजारी मांडली, तर तो शोधच नाही. चार्जरमुळं दिव्याच्या कामात काही फरक पडतो का? नाही. मग मोळी बांधली एवढंच. फरक पडत असेल, म्हणजे समजा चार्जरची वाया जाणारी उष्णता किंवा वीज दिव्याच्या कामाला येत असेल, तर तपासणी पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू करा.

उत्तर माहीत असताना प्रश्न सोडवू नका

कोडं सुटल्यावर सोपं वाटतं. हीच इथली सगळ्यात मोठी चूक, आणि ती परीक्षक, वकील, शोधक सगळेच करतात. मी एक पद्धत पाळतो. शोध वाचण्याआधी फक्त अडचण एका ओळीत लिहितो, त्या ओळीत उत्तराचा एकही शब्द येऊ देत नाही, आणि ती त्या क्षेत्रातल्या दोघा-तिघांना विचारतो. ‘एलईडी दिव्याच्या झाकणावर बर्फ धरतं, पण तेच झाकण जमिनीवर जास्त तापू नये’, एवढंच. शोध त्यांना सांगत नाही. एकानं झाकणात तापणारी तार सांगितली, दुसऱ्यानं बर्फ न चिकटणारा लेप, तिसऱ्यानं तापमान मोजून चालणारा पंखा. द्विधातूची पट्टी कोणीच बोललं नाही. हा कायदेशीर पुरावा नाही, पण आपलंच मन आपल्याला फसवत नाही ना, ते यातून कळतं.

याउलट ‘उष्णता पुढं नेण्यासाठी आपोआप जुळणारी-सुटणारी वाट कशी करावी?’ असं विचारलं असतं, तर प्रश्नातच उत्तर वाढून ठेवल्यासारखं झालं असतं. पेटंट परीक्षकाच्या परीक्षा अहवालातही अशी वाक्यं येतात. दिसली की तिथंच बोट ठेवा.

लोकांनी हे खूप दिवस शोधलं आणि जमलं नाही, इतरांनी प्रयत्न सोडला, जाणकार आधी ‘हे चालणार नाही’ म्हणत होते, असले पुरावे असतील तर गोळा करा. बाजारात खप झाला हा पुरावा मात्र जपून वापरा. खप जाहिरातीनंही होतो.

विमानाच्या क्षेत्रात आणखी एक युक्तिवाद वरचेवर कानी पडतो : ‘प्रमाणपत्र मिळवणं इतकं कटकटीचं आणि खर्चिक, की जाणकार बदल करायला गेलाच नसता.’ माझ्या मते हा दुबळा आहे. खर्च आणि परवानगीची कटकट ही व्यवहारातली अडचण झाली. तांत्रिक कारणानं जाणकार त्या वाटेला गेला नसता, हे दाखवा. तेव्हा बोलण्याला वजन येतं.

कागद कुठं जातो

गोव्याचे अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयाच्या अखत्यारीत येतात, आणि ते घरबसल्या ऑनलाइन भरता येतात. तात्पुरतं वर्णन आधी दिलं, तर पूर्ण वर्णनाला १२ महिने मिळतात. परीक्षेची मागणी स्वतः करावी लागते, आणि २०२४ च्या नियमांनंतर त्याची मुदत प्राधान्य तारखेपासून ३१ महिने आहे. पहिल्या परीक्षा अहवालाला उत्तर द्यायला ६ महिने मिळतात. ‘सहज सुचणारं’ हा आक्षेप तिथंच थांबत नाही. पेटंट मिळण्याआधी आणि मिळाल्यावर वर्षभरात कलम २५ खाली विरोध होऊ शकतो, आणि नंतर कलम ६४ खाली ते रद्द करायची मागणीही होऊ शकते. म्हणून वर सांगितलेली सहा ओळींची कागदपट्टी फेकू नका. तिची गरज पुढं वीस वर्षांत कधीही पडेल.

त्या दुपारी मी विद्यार्थ्याला तीन कामं दिली. क्लेममध्ये सहावी ओळ कायम ठेव आणि दोन तारांची बैठकही घाल. बर्फाच्या पेटीत दिवा ठेवून पट्टीसह आणि पट्टीशिवाय झाकणाचं तापमान दर मिनिटाला मोज, तारीख घालून वहीत लिही, खाली मार्गदर्शकाची सही घे. तिसरं काम ऐकून तो दचकला. दिवा आधी ज्यांना दाखवलास ते कोण, किती जण होते, आणि गुप्त ठेवायचं असं ठरलं होतं का, हे लिहून काढ. कारण सरकारनं अधिसूचित केलेल्या प्रदर्शनासारखे मोजके अपवाद सोडले, तर अर्जाआधी उघड केलेला आपलाच दिवा आपल्याविरुद्ध जुना कागद म्हणून उभा राहतो. महाविद्यालयाच्या प्रदर्शनातला फलक किंवा ग्रंथालयात ठेवलेला प्रकल्प अहवालसुद्धा. त्यानं खिशातून फोन काढला आणि परवा होणाऱ्या प्रकल्प प्रदर्शनातून आपलं नाव मागं घेण्यासाठी सरांना तिथूनच फोन लावला.